काळी चोकबेरी पहिल्यांदा घरी आणताय? ओळख, तुरटपणा, रस, जॅम आणि आरोग्याचा खरा हिशेब

काळी चोकबेरी, म्हणजेच ॲरोनिया, विकत आणणारे बरेच जण पहिला दाणा तोंडात टाकतात, तोंड वाकडं करतात आणि उरलेली पिशवी फ्रीजरच्या तळाशी ढकलून देतात. फळात दोष नसतो. हे फळ द्राक्षासारखं मूठभर तोंडात टाकायचं नाहीच. त्याचा तुरटपणा कुठून येतो आणि तो कशाने आवरतो हे एकदा कळलं की याच फळापासून गडद जांभळा, खोल चवीचा रस, जॅम, केक, चहा असं बरंच काही होतं. खालच्या पायऱ्या ठरावीक क्रमाने दिल्या आहेत. निदान पहिल्या तीन पायऱ्या तरी वगळू नका.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

- स्टीलचं किंवा इनॅमलचं जाड बुडाचं पातेलं. ॲल्युमिनियम आणि उघडं लोखंड नको. टॅनिन (फळाला तुरट करणारी द्रव्यं) आणि आम्ल यांची धातूशी प्रक्रिया होऊन रस काळपट पडतो आणि त्याला धातूची चव येते.
- मलमलचं स्वच्छ कापड आणि मोठी चाळणी
- लाकडी चमचा किंवा बटाटे कुस्करायचं साधन
- स्वयंपाकाचा थर्मामीटर (रस आणि जॅम दोन्हीला लागतो)
- घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या
- फ्रीजरमध्ये बसेल असा ट्रे
- साखर किंवा मध, लिंबू, सफरचंद, दही
- जुना एप्रन. हा रंग प्लास्टिकच्या पाटावर आणि सुती कपड्यावर कायमचा बसतो.

## १. फळ तेच आहे ना, ते तपासा

ॲरोनिया ही गुलाबाच्या कुळातली, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली झुडूपवर्गीय वनस्पती. लागवडीसाठी रशियात फळझाडांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या इव्हान मिचुरिन यांनी तिच्यावर काम केलं आणि पुढे ती पूर्व युरोपभर पसरली. आज सर्वांत मोठं उत्पादन पोलंडमध्ये होतं. रोपं घेताना ‘व्हायकिंग’ आणि ‘नीरो’ या जातींची नावं वारंवार दिसतील. रानटी झुडपांपेक्षा यांची फळं मोठी आणि रसाळ असतात.

सर्वांत मोठा घोळ होतो तो चोकचेरीशी. नावं जवळजवळ सारखी, रंगही सारखा, पण चोकचेरी हे चेरीच्या जातकुळीतलं वेगळंच झाड आहे. तिच्या बियांत आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं धोकादायक प्रमाणात असतात. दोघींतला फरक असा ओळखा:

- दाणा आडवा कापा. चोकबेरीत सफरचंदासारख्या लहान, मऊसर बिया असतात. चोकचेरीत मधोमध एकच टणक बाठा असतो.
- दाण्याची देठाविरुद्धची बाजू पाहा. चोकबेरीला तिथे वाळलेल्या फुलाचा छोटा, चांदणीसारखा मुकुट असतो. चोकचेरीचं टोक गुळगुळीत असतं.
- चोकबेरीचे घोस आखूड आणि पसरट असतात. चोकचेरीची फळं लांब लोंबत्या दांडीवर ओळीने लागतात.
- चोकबेरीच्या पानाची वरची बाजू भिंगाखाली धरली तर मधल्या शिरेवर बारीक गडद ग्रंथी दिसतात.

रानातून गोळा करणार असाल तर यातली एकच खूण जुळली म्हणून समाधान मानू नका. सगळ्या जुळायला हव्यात. काळी दिसणारी विषारी फळंही बरीच आहेत.

## २. विकत घेताना लेबल शेवटपर्यंत वाचा

ताजी किंवा गोठवलेली फळं. दाणे टणक, काळेभोर, किंचित पांढुरकी झाक असलेले हवेत. कापल्यावर आतला गरही लालसर-जांभळा दिसला पाहिजे. आत हिरवट-पांढरा दिसला तर फळ लवकर तोडलेलं आहे. बाहेरून रंग लवकर भरतो, पण साखर सावकाश भरते, म्हणून पिकल्यानंतरही काही आठवडे झुडपावर राहिलेली फळं अधिक चांगली लागतात. उत्तर गोलार्धात तोडणी साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत चालते.

रस. घटकांच्या यादीत एकच शब्द हवा: ॲरोनिया. ‘नेक्टर’ किंवा ‘ड्रिंक’ असं लिहिलं असेल तर त्यात पाणी आणि साखर आहे. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर तो पातळ करूनच घ्यायचा असतो. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं आणि उत्पादकागणिक बदलतं.

पावडर. इथे फसवणूक नसली तरी गोंधळ भरपूर आहे. एक पावडर अख्खं फळ वाळवून केलेली असते, दुसरी रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याची, तिसरी रस माल्टोडेक्स्ट्रिनवर (पिष्टापासून केलेल्या भरीच्या भुकटीवर) सुकवलेली. तिन्हींचा रंग जांभळाच. पहिलीत सगळं थोडंथोडं असतं, दुसरीत तंतू (फायबर) भरपूर असतात, तिसरीत माल्टोडेक्स्ट्रिनचा भाग बराच असू शकतो. घटकांच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती पावडर घेऊ नका.

## ३. आणल्या आणल्या गोठवा

ताजी फळं मिळाली तरीही. हीच पायरी लोक सर्रास वगळतात आणि पुढे सगळंच अवघड होऊन बसतं.

१. देठ काढा, मऊ पडलेले आणि सुरकुतलेले दाणे बाजूला करा.
२. थंड पाण्यात धुऊन कापडावर पूर्ण कोरडे करा. ओले गोठवले तर एकच ढेकूळ होतं.
३. ट्रेवर एका थरात पसरून उणे १८ अंशांवर रात्रभर ठेवा.
४. मग पिशवीत भरा, हवा काढून बंद करा, तारीख लिहा. वर्षभर छान टिकतात.

निदान दोन दिवस तरी गोठलेली राहू द्या. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे जाड साल मऊ पडते आणि पुढे रस सहज सुटतो. तुरटपणाही थोडा बोथट होतो, कारण मोकळ्या झालेल्या टॅनिनचा काही भाग गराच्या तंतूंनाच चिकटून राहतो. ताजी फळं थेट कुस्करायला घेतलीत तर हात दुखतील आणि रस निम्माच निघेल.

## ४. तुरटपणा समजून घ्या, म्हणजे साखर ओतावी लागणार नाही

या फळात साखर कमी नाही. पिकलेल्या फळात ती चांगलीच असते. मग गोड का लागत नाही? कारण त्यातली प्रोअँथोसायनिडिन नावाची टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. कच्चं केळं चावल्यावर होतं, तसंच. तुरटपणा म्हणजे जिभेला जाणवणारा एक स्पर्शच आहे. साखर आंबटपणा झाकते, पण हा कोरडेपणा तिने फारसा जात नाही. म्हणून नवखे लोक साखर वाढवत जातात आणि शेवटी अतिगोड पण तरीही तुरट असं काहीतरी हाती लागतं.

इलाज टॅनिनच्या स्वभावातच आहे. त्यांना प्रथिनं हवी असतात, तर ती लाळेऐवजी पदार्थातून द्या. दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध), दूध, मऊ चीज, हे तिथे उत्तम काम करतात. एक सोपा प्रयोग करा. एक चमचा रस नुसता घ्या, मग तेवढाच रस दोन चमचे घट्ट दह्यात कालवून घ्या. फरक लगेच जिभेवर कळतो. स्निग्ध पदार्थही मदत करतात: लोणी, साय, सुकामेव्याचं बटर. आणि चिमूटभर मीठ विसरू नका, त्याने कडवटपणाची धार कमी होते.

रस पातळ करायचा असेल तर सफरचंदाचा किंवा नाशपातीचा रस वापरा. एक भाग ॲरोनिया आणि तीन भाग सफरचंद हे सुरुवातीचं सुरक्षित प्रमाण. संत्र्याबरोबरही छान लागतं, पण तिथे आंबटपणा वाढतो.

## ५. पहिल्या आठवड्यात किती खायचं

थोडं. पहिले तीन-चार दिवस १५ ते २० दाणे किंवा ३० मिली रस, तोही जेवणानंतर किंवा जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी टॅनिनने मळमळ होऊ शकते. शिवाय या फळात सॉर्बिटॉल भरपूर असतं. ही साखरेच्या जातीची, पण आतड्यात अर्धवटच शोषली जाणारी गोष्ट आहे. जास्त झाली की गॅस आणि जुलाब. ज्यांना सफरचंद, नाशपाती किंवा आलुबुखार खाल्ल्यावर पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यांनी अधिकच जपून सुरुवात करावी.

त्रास झाला नाही तर हळूहळू रोज अर्धी वाटी फळं किंवा १०० मिली रसापर्यंत जा. त्याहून पुढे जाण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

शौचाचा रंग गडद झाला तर दचकू नका, तो फळाचाच रंग असतो. मात्र फळ बंद केल्यावरही दोन-तीन दिवसांत रंग पूर्ववत झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

## ६. रस काढणं

साहित्य: १ किलो गोठवलेली फळं, ३०० मिली पाणी. एवढंच.

१. फळं पातेल्यात वितळू द्या आणि सुटलेल्या रसासकट कुस्करा. मिक्सर नको. फिरत्या पात्याने बिया फुटल्या तर रस कडवट आणि रवाळ होतो, आणि बियांत थोडं ॲमिग्डॅलिन (सायनाइड तयार करणारं द्रव्य) असतं, तेही मोकळं व्हायला नको. स्मूदीसाठी मिक्सर लावायचाच असेल तर थोडेच दाणे घ्या आणि थोडा वेळच फिरवा.
२. पाणी घालून मंद आचेवर ७५ ते ८० अंशांपर्यंत तापवा आणि तिथे १० मिनिटं ठेवा. उकळू देऊ नका. जांभळा रंग देणारी अँथोसायनिनं उष्णतेने मोडतात. जितकी जास्त उष्णता आणि जितका जास्त वेळ, तितका रंग विटकरी होतो आणि चव शिजकट लागते.
३. चाळणीवर मलमल पसरून ओता आणि चार तास निथळू द्या. शेवटी पुरचुंडी हलकेच दाबा. जोरात पिळलीत तर रस गढूळ होतो आणि तुरटपणा वाढतो.
४. साधारण ७०० ते ८०० मिली रस मिळतो. आठवड्यात संपणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. जास्त दिवसांसाठी बर्फाच्या साच्यात गोठवा. एक घन साधारण ३० मिलीचा असेल असा साचा घेतला तर रोजचं माप आपोआप मिळतं.

बाटलीच्या तळाशी साका बसतो तो खराब नव्हे, हलवून घ्या. मात्र फेस, बुडबुडे किंवा यीस्टसारखा वास आला तर रस आंबलाय, तो फेकून द्या.

उरलेला चोथा टाकू नका. रंगद्रव्यं मुख्यतः सालीत असतात, म्हणून चोथ्यातही बरंच काही शिल्लक असतं. ट्रेवर पातळ पसरून ५५ ते ६० अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, दळा, चाळा. ब्रेड किंवा बिस्किटाच्या पिठात दर १०० ग्रॅमला ५ ग्रॅमपर्यंत पुरे. त्याहून जास्त घातलं तर ब्रेड कोरडा होतो आणि फुगतही नाही.

## ७. जॅम

हा सर्वांत जास्त बिघडणारा पदार्थ, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: साखर घाईने घातलेली असते.

साहित्य: १ किलो गोठवलेली फळं, ३०० ग्रॅम किसलेलं आंबट सफरचंद (सालीसकट), २५० मिली पाणी, ६५० ग्रॅम साखर, ४५ मिली लिंबाचा रस.

१. फळं, सफरचंद आणि पाणी झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. दाणा दोन बोटांत धरला की साल विनातक्रार चिरडली पाहिजे. न चिरडली तर अजून शिजवा, गरज पडल्यास थोडं पाणी वाढवा.
२. साल मऊ झाल्यावरच साखर. साखर पेशींतलं पाणी ओढून घेते आणि अर्धकच्ची साल चामड्यासारखी होते. मग तासभर शिजवूनही ती मऊ होत नाही.
३. साखर पूर्ण विरघळल्यावर लिंबाचा रस घाला आणि आच मोठी करा. सतत ढवळा. समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंशांवर जॅम बसतो. उंचीवर राहत असाल तर तिथे पाणी जितक्या अंशांवर उकळतं त्यात चार-पाच मिळवा.
४. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीजरमध्ये थंड करा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की झालं.
५. उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेल्या गरम बरण्यांत भरा आणि वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा. बाहेर ठेवायच्या असतील तर झाकण लावून बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं ठेवा, उंच प्रदेशात आणखी जास्त.

२५० मिलीच्या सुमारे पाच बरण्या होतात. सफरचंद इथे नुसतं भर म्हणून नाही, त्याचं पेक्टिन जॅमला धरून ठेवतं. लिंबूही गाळू नका. आम्लाशिवाय पेक्टिन नीट जमत नाही आणि रंगही तितका लाल-जांभळा राहत नाही.

## ८. वाळवणं आणि चहा

सालीवर मेणचट थर असल्याने ताजे दाणे वाळायला फार वेळ घेतात. गोठवून वितळवलेले, किंवा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढलेले दाणे घ्या. डीहायड्रेटरमध्ये ५५ ते ६० अंशांवर दाण्याच्या आकारानुसार १२ ते २४ तास. दाबल्यावर ओल लागता कामा नये. थंड झाल्यावर बरणीत भरा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. काचेला आतून वाफ धरली तर पुन्हा वाळवा, नाहीतर बुरशी येणारच.

चहासाठी २५० मिली उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा वाळलेली फळं १५ मिनिटं झाकून ठेवा. दालचिनीचा तुकडा चालतो. फुगलेले दाणे खाऊन टाका.

## ९. केक, मफिन आणि स्मूदी

केकमध्ये ॲरोनिया घातल्यावर आतून हिरवट-निळे डाग दिसले तर फळ खराब झालेलं नसतं, तो खाण्याच्या सोड्याचा प्रताप असतो. अँथोसायनिनं आम्लात लाल आणि अल्कलीत निळी-हिरवी दिसतात. सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा, किंवा पिठात ताक, दही किंवा लिंबू घालून सोड्याचा अल्कधर्म उतरवा. गोठलेले दाणे न वितळवता, चमचाभर पिठात घोळवून शेवटी मिसळा, म्हणजे रंग सगळीकडे पसरत नाही. ब्लूबेरीच्या पाककृतीत पहिल्यांदा निम्मंच प्रमाण ॲरोनियाचं ठेवा.

रंगाचा हाच नियम डागांनाही लागू पडतो. हाताला किंवा कापडाला रस लागला की लोक थेट साबण घासतात आणि लाल डाग निळा-करडा होऊन बसतो. आधी थंड पाणी, मग व्हिनेगर किंवा लिंबू, आणि साबण अगदी शेवटी.

स्मूदीसाठी ४० ग्रॅम फळं, २०० ग्रॅम दही, दोन मोठे चमचे भिजवलेले ओट्स आणि दोन खजूर. केळं चवीला उत्तम जमतं, पण त्यात पॉलिफिनॉल (या फळातली रंगद्रव्यं आणि टॅनिनं ज्या गटात येतात ती द्रव्यं) मोडणारं एन्झाइम भरपूर असतं. पॉलिफिनॉलसाठीच हे फळ खात असाल तर केळं वेगळं खा, निदान स्मूदी करताच पिऊन टाका.

## १०. आरोग्यासाठी काय अपेक्षा ठेवायची

या फळात अँथोसायनिनं, प्रोअँथोसायनिडिनं आणि क्लोरोजेनिक आम्ल ही तीन प्रकारची पॉलिफिनॉलं एकत्र आणि भरपूर आहेत. रोज खाल्ल्या जाणाऱ्या फळांत इतकी गडद रंगाची फळं थोडी. शिवाय अख्ख्या फळात तंतू चांगले आहेत. व्हिटॅमिन सी असतं, पण त्यासाठी लिंबूवर्गीय फळं अधिक चांगली.

माणसांवर झालेल्या चाचण्यांत रस किंवा अर्क काही आठवडे ते काही महिने दिला गेला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं काहींत दिसलं, काहींत दिसलं नाही. चाचण्या बहुतेक लहान होत्या. म्हणजे चांगल्या आहाराला जोड म्हणून फळ उत्तम, पण रक्तदाबाची गोळी बंद करण्याइतकं बळ त्यात नाही. तशी गोळी कोणी बंद करूही नये.

‘अँटिऑक्सिडंटमध्ये पहिला क्रमांक’ अशा जाहिरातींवर विसंबू नका. ते आकडे परीक्षानळीतल्या मोजमापाचे असतात. शरीरात ही द्रव्यं थोडीच शोषली जातात आणि बरंचसं काम आतड्यातल्या जिवाणूंनी त्यांचे तुकडे केल्यावर होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची आपली यादी २०१२ मध्ये मागे घेतली, कारण ते आकडे शरीरावरचा परिणाम सांगत नाहीत आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होत होता.

रस आणि अख्खं फळ यांत निवड करायची असेल तर फळ घ्या. रसात तंतू जातात आणि साखर राहते.

## ११. कोणी जपून खावं

- लोहाच्या गोळ्या घेणारे, रक्त कमी असलेले: पॉलिफिनॉल लोहाला धरून ठेवतात आणि शोषण कमी होतं. गोळी आणि ॲरोनिया यांत दोन तासांचं अंतर ठेवा.
- रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं घेणारे: रोज रस किंवा अर्क सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. अधूनमधून केकमध्ये खाल्ल्याने काही होत नाही, प्रश्न रोजच्या मोठ्या मात्रेचा आहे.
- केमोथेरपी सुरू असलेले: कॅप्सूल किंवा अर्क स्वतःच्या मनाने अजिबात नको.
- शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर: घेत असलेल्या औषधांच्या यादीत ॲरोनियाचा अर्कही सांगा.
- गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या: खाण्यातलं साधं प्रमाण ठेवा, कॅप्सूल टाळा.
- लहान मुलं: चार वर्षांखालच्यांना अख्खे दाणे देऊ नका, कुस्करून दह्यात द्या.

रस पिऊन झाला की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. दातांवर रंग बसतो आणि आम्लाने दातांचा वरचा थर थोडा वेळ मऊ पडलेला असतो, म्हणून लगेच ब्रश करू नका. अर्ध्या तासाने करा.